सकाळी येणारा आवाज

मागच्या डिसेंबरची गोष्ट. सहा तारखेला दादरला जाऊन आम्ही सोलापुरात परतलो, त्याच आठवड्यात भाचा दारात उभा. "जयभीम मामा. गाडीतून कसला तरी आवाज यायलाय."

भाच्याची गाडी म्हणजे २०१८ सालची ओम्नी व्हॅन, जुनीच घेतलेली. सकाळी बुधवार पेठेतली मुले शाळेला सोडायची, दुपारी घरी आणायची आणि मधल्या वेळात कपड्यांचे गठ्ठे पोचवायचे, यावर त्याचे घर चालते. गाडीसाठी पतसंस्थेचे कर्ज काढले आहे आणि त्या कर्जाला जामीन आम्ही आहोत. तेव्हा गाडीच्या पोटात दुखले की आमच्याही पोटात गोळा येणारच.

आवाज कसा, तर टिक् टिक् टिक्. शिलाई मशीन चालते तसा. सकाळी गाडी सुरू केली की हजर, ॲक्सिलरेटर दाबला की जोरात, आणि सात रस्त्याला पोचेपर्यंत गायब.

ही गाडी पाहिली नाही असा वाचक विरळाच. मारुतीची व्हॅन १९८४ मध्ये रस्त्यावर आली, १९८८ मध्ये तिला ओम्नी हे नाव मिळाले आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. एवढ्या वर्षांत ती रुग्णवाहिका झाली, भाजीची गाडी झाली, नवरदेवाची गाडी झाली. तिला पुढे नाक नाही. तीन सिलिंडरचे ७९६ सी.सी.चे इंजिन पुढच्या सीटखाली असते. सीट उचलून खालचे झाकण काढले की इंजिन दिसते. म्हणजे पुढे बसणारा माणूस इंजिनावरच बसलेला असतो. वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे.

पहिल्या गॅरेजात मिस्त्रीने झाकण काढून कान दिला आणि विचारले, "कुठाय आवाज?" भाचा मुलांना सोडून तिथे गेला होता, इंजिन चांगले तापलेले. दवाखान्यात पोचताच ताप उतरावा तशी गत झाली. तरी टिक् टिक् म्हणजे टॅपेटच, असे म्हणून मिस्त्रीने टॅपेट सेट केले आणि सहाशे रुपये घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज जागेवर. दुसऱ्या गॅरेजात बेल्ट बदलला, साडेसातशे गेले. तिसऱ्याने मान हलवली आणि सांगितले, "इंजिन खोलावं लागंल. बावीस-पंचवीस हजार धरून चाला." भाच्याचा त्या महिन्याचा हप्ता अजून भरायचा होता.

त्या मिस्त्री लोकांना आम्ही नावे ठेवणार नाही. थंड गाडीचा आवाज गरम गाडीत कोणालाच सापडणार नाही. गाडी रात्री ठेवून जा, सकाळी बघू, असे तिघांपैकी कोणी म्हटले नाही हे खरे. पण आम्हालाही ते कुठे सुचले होते!

आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. गाडीतले आम्हाला फक्त हप्ते कळतात. पण वर्षाअखेरीस तेरीज जुळली नाही तर काय करायचे हे मात्र बावीस वर्षे करीत आलो आहोत. नवा कारकून सगळी खाती पहिल्यापासून तपासायला बसतो. जुना कारकून आधी फरकाच्या आकड्याकडे बघतो. फरक ५४ रुपयांचा आला, त्याला नऊने पूर्ण भाग गेला, तर कोणीतरी ८२ च्या जागी २८ लिहिले असण्याचा संभव असतो. फरकाची निम्मी रक्कम कुठे सापडली, तर ती जमेची नावे पडली का ते पाहायचे. चूक कोणत्या जातीची आहे हे फरकच सांगतो. म्हणून आम्ही भाच्याला एक वही दिली आणि सांगितले, चार दिवस कशाचीही दुरुस्ती करायची नाही, फक्त लिहायचे.

वहीत आले ते असे. गाडी जागेवर उभी असतानाही आवाज येतो. म्हणजे चाक, एक्सल यांचा संबंध नाही. क्लच दाबला तरी फरक नाही. इंजिनाची चाल वाढली की आवाजाची चाल वाढते. आठ-दहा मिनिटांत कमी कमी होत नाहीसा होतो. दुपारी मुले आणताना येत नाही. आणि सर्वांत कामाची नोंद रविवारची. त्या दिवशी गाडी सकाळी अकराला, ऊन चांगले वर आल्यावर पहिल्यांदा सुरू केली, तरी आवाज आलाच. म्हणजे दोष पहाटेच्या थंडीचा नव्हता. गाडी रात्रभर निजली की आवाज येत होता.

ही वही आम्ही तात्यांना दाखवली. तात्या आमच्या शेजारी राहतात, वय अठ्ठ्याहत्तर. इथल्या एका गिरणीत रिंग खात्यात तेलवाला म्हणून लागले आणि फिटर म्हणून बाहेर पडले. शेकडो चात्या फिरत असताना कोणती कोरडी पडली आहे हे ओळखणे त्यांचे काम होते. (आपल्या लोकांच्या नशिबी रिंग खातेच का, हे जुन्या वाचकांना सांगायला नको. विणकाम खात्यात पगार जास्त. पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून तिथे अस्पृश्याला घेत नसत. मुंबईच्या १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न थेट युनियनपुढे मांडला होता.) गिरणी बंद पडल्यावर तात्यांनी अक्कलकोट रोडला एमआयडीसीत पॉवरलूमच्या शेडमध्ये पंधरा वर्षे काढली आणि कान तिथे घालवले. लूमच्या आवाजाने आधी बारीक, चिरका आवाज ऐकू येईनासा होतो. जाड आवाज बऱ्याच काळ टिकतो. तात्यांना आज दारावरची घंटा ऐकू येत नाही, पण दार वाजवलेले कळते.

त्यांनी वही दोनदा वाचली. म्हणाले, "येवढं लिवलंय, मग आता गॅरेजात कशाला जायाचं? गाडी रातच्याला माझ्या दारात लाव. आन् सकाळी मी सांगंस्तोवर चावी कुणी फिरवायची न्हाई."

पहाटे साडेपाचला आम्ही, भाचा, तात्या आणि बॅटरी धरायला आमच्या पत्नी असे चौघे गाडीभोवती जमलो. झाकण आधीच काढून ठेवले होते. तात्यांनी पत्नीला पदर खोचायला लावला, भाच्याला मफलर काढायला लावला. फिरता बेल्ट कपडा धरतो आणि मग माणसाला ओढतो, हे त्यांनी गिरणीत डोळ्यांनी पाहिलेले होते.

गाडी सुरू झाली. टिक् टिक् टिक्. तात्यांनी हातभर लांब पेचकस घेतला, त्याचे टोक टॅपेटच्या झाकणावर टेकवले आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. डॉक्टर छातीला नळी लावतात तोच प्रकार. पॅरिसच्या लेनेक नावाच्या डॉक्टरने १८१६ मध्ये कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली, त्यातून पुढे स्टेथोस्कोप आला. गिरणीतल्या तेलवाल्याला लेनेक माहीत नव्हता, पण आवाज हवेपेक्षा लोखंडातून चांगला येतो हे माहीत होते. "हितं न्हाई," तात्या म्हणाले. अल्टरनेटरच्या अंगावर पेचकस टेकवला, तिथेही नाही. पाण्याच्या पंपापाशी नाही.

मग त्यांनी भाच्याला एकेका प्लगची वायर पक्कडीने क्षणभर काढायला सांगितले. पहिली काढली, इंजिन थरथरले, टिक् टिक् चालूच. ती परत बसवून दुसरी काढली, आणि आवाज एकदम गप्प. वायर बसवली, आवाज परत. पुन्हा काढली, पुन्हा गप्प. अंगावर काटा आला आमच्या. तेरजेतला फरक सापडतो तेव्हा असेच होते.

याचा अर्थ तात्यांनी नंतर समजावला. अशा इंजिनात क्रँक दोनदा फिरते तेव्हा प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा पेट्रोल पेटते आणि एकदा धूर बाहेर टाकला जातो. व्हॉल्व्ह उघडणारी कॅमशाफ्टही क्रँकच्या निम्म्याच चालीने फिरते. म्हणून एका सिलिंडरचा धूर फटीतून निसटला तर त्याची टिक् आणि टॅपेटची टिक् एकाच ठेक्यावर पडतात. पहिला मिस्त्री फसला तो इथे. पण ठिणगी बंद केल्यावर टॅपेट गप्प बसत नाही, त्याचे वाजणे चालूच राहते. इथे तर पेटणे थांबताच आवाज थांबला. तेव्हा दोनच शक्यता उरल्या: आतल्या बेअरिंगचा ठोका किंवा धुराची गळती. पहिली असेल तर पंचवीस हजार, दुसरी असेल तर हजार-दोन हजार. आम्ही जामीनदार असल्याने या जागी आमचा श्वास अडकला, हे कबूल केले पाहिजे.

वही इथे उपयोगी पडली. बेअरिंग झिजले असेल तर तेल तापून पातळ झाल्यावर ठोका वाढतो, मिटत नाही. आमचा तर मिटत होता. तरी तात्यांनी खात्री करून घेतली. भाच्याला ओला जाड फडका सायलेन्सरच्या तोंडावर दोन-तीन सेकंद दाबायला लावला. मागची वाट अडली तसा पुढचा आवाज फटफट वाढला. मग रबरी नळीचा तुकडा घेतला, एक टोक भाच्याच्या कानापाशी, दुसरे इंजिनाच्या अंगाअंगावरून फिरवले. बारीक फुस्स आवाज तात्यांना ऐकू येणार नव्हता, तो भाच्याने ऐकला. शेवटी साबणाचे पाणी शिंपडले. मॅनिफोल्ड म्हणजे तिन्ही सिलिंडरचा धूर एकत्र करून पुढे सायलेन्सरकडे नेणारा लोखंडी भाग. तो इंजिनाला जिथे जोडलेला असतो तिथे, दुसऱ्या सिलिंडरपाशी, फुगे आले. बॅटरीच्या उजेडात काळे काजळ दिसले. जोड धरून ठेवणारा एक स्टड गंजून तुटलेला होता आणि तिथले गॅस्केट जळून गेले होते.

आम्ही बोलत उभे होतो तोवर आवाज विरत गेला. "लोखंड तापलं, फुगलं, फट मिटली," तात्या म्हणाले.

आम्हाला वाटले, काम झाले. पण आमच्या पत्नीच्या हातात झाकणाच्या कडेचा फडका होता. सोलापुरी चादरीचा तुकडा तो, घडी करून ठेवलेला. झाकणाच्या कडेची रबरी पट्टी मागे कधीतरी फाटली, तेव्हा गरम हवा वर येऊ नये म्हणून भाच्याने हा तुकडा तिथे कोंबला होता. मूळ पांढऱ्या-निळ्या रंगाची चादर, एका बाजूने काळी झाली होती.

"हे काळं कशानं झालं? धूर वर येतोय का?" त्यांनी विचारले. "आणि पुढच्या सीटवर कोण बसतं?"

पुढच्या सीटवर आमच्या गल्लीतली नऊ वर्षांची मुलगी बसते. सर्वांत आधी तिला घेतात आणि सर्वांत शेवटी तिची शाळा येते. दोन आठवड्यांपासून ती आईला सांगत होती, शाळेत गेल्यावर डोके दुखते, मळमळते. तिची आई विड्या वळते. तिने हे महिला मंडळात पत्नीला सांगितले होते आणि पत्नीने घरी आम्हाला. आम्ही पेपर वाचता वाचता म्हणालो होतो, "गणिताची परीक्षा असेल. नाटक करते." रविवारी दुखत नाही, दुपारी घरी येताना दुखत नाही, हे पुरावेही आम्ही नाटकाच्या बाजूनेच धरले. आणि इकडे भाच्याच्या वहीत तीच नोंद आम्ही शाबासकी देऊन वाचत होतो! दोन्ही खाती आमच्याच घरात होती.

त्या सकाळी व्हॅन निघाली नाही. भाच्याने दोन रिक्षा करून मुले शाळेत पोचवली, भाडे स्वतः दिले.

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशेहून अधिक पटीने घट्ट धरते, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन पोचत नाही. डोके दुखणे, मळमळ, सुस्ती ही सुरुवात. जास्त झाले तर माणूस झोपेतच जातो. थंड पेट्रोल इंजिन सुरुवातीला जास्त पेट्रोल पिते आणि हा वायू तेव्हाच जास्त निघतो. आमची गळती तर धूर साफ करणाऱ्या भागाच्या आधीची, आणि तीही नेमकी थंड असतानाच उघडणारी. त्यात थंडी म्हणून काचा बंद. मुले मोठ्यांपेक्षा भराभर श्वास घेतात, म्हणून त्यांना लवकर बाधते. इंग्लंडच्या कोळसा खाणीत याच कारणाने पिंजऱ्यात कॅनरी पक्षी नेत. इवलासा जीव माणसाच्या आधी कोसळे आणि खाणकामगार बाहेर पळत. ही पद्धत तिथे १९८६ पर्यंत चालू होती. बंद न्हाणीघरातला गॅस गीझर किंवा हिवाळ्यात दार लावून पेटवलेली कोळशाची शेगडी, यातूनही हाच वायू निघतो. खिडकी उघडी ठेवावी, एवढे हे पान वाचणाऱ्या प्रत्येक घरात आजच सांगावे.

भाच्याकडे पीयूसी होते, मुदतीतले. पण ती तपासणी मागच्या नळीच्या तोंडाशी होते. वाटेत फुटलेला धूर तिथे पोचतच नाही.

मुलीला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तपासून सांगितले की आता ती ठीक आहे. त्या दिवशी ती व्हॅनमध्ये बसलीच नव्हती, आणि हा वायू मोकळ्या हवेत काही तासांत रक्तातून निघून जातो, त्यामुळे कालची डोकेदुखी कशाची हे रक्त आज सांगणार नाही. म्हणजे आमच्या हाती पुरावा नाही. व्हॅन दुरुस्त झाल्यावर तिचे डोके दुखायचे थांबले, एवढेच आम्ही सांगू शकतो.

दुरुस्तीला दोन दिवस लागले. तुटलेल्या स्टडच्या ठुबक्यावर नट वेल्ड करून तो फिरवून काढला, सगळे स्टड नवे घातले, गॅस्केट नवे, झाकणाची रबरी पट्टी नवी. नट मधल्यापासून बाहेर असे आवळत जायचे आणि इंजिन एकदा तापून थंड झाले की पुन्हा आवळायचे, हे तात्यांनी उभे राहून करवून घेतले. एकूण अठराशे पन्नास रुपये.

खरा वाद त्यानंतर झाला. भाचा म्हणाला, "मामा, आता दुरुस्त झालंय की. पालकांना कशाला सांगायचं? सगळी मुलं काढून घेतील." आम्ही लगेच उत्तर दिले असे लिहायला आम्हाला आवडले असते. तसे झाले नाही. जामिनाच्या कागदावरची आमची सही डोळ्यांपुढे होती, आणि तो म्हणतो ते हिशेबाला धरून होते. पत्नीने दोघांकडे पाहिले आणि चादरीचा तो काळा तुकडा पिशवीत घातला. "रविवारी विहारात सगळ्या जणी येतील. तू सांगणार नसशील तर मी हे दाखवीन."

भाच्यानेच सांगितले. वंदना झाल्यावर उभा राहिला, तुकडा हातात धरला आणि काय झाले ते सगळे सांगितले, पट्टी फाटली तेव्हा नवी घातली नाही हेसुद्धा. काही जण चिडले. एकाने विचारले, एवढे दिवस झोपला होतास काय? मुलीची आई मात्र बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हंजे माझी पोरगी खोटं बोलत नव्हती." तिने आमच्याकडे बघितले नाही. बघितले असते तर बरे झाले असते.

दोन घरांनी मुले काढली. त्यातले एक फेब्रुवारीत परत आले, दुसरे आले नाही. जानेवारीचा हप्ता अकरा दिवस उशिरा भरला, दंडासहित. ती मुलगी आता मागे बसते आणि पुढची काच चार बोटे उघडी ठेवायला भाच्याला रोज बजावते.

तात्यांनी पैसे घेतले नाहीत. भाच्याने त्याऐवजी त्यांना गाडीत घालून कान तपासायला नेले आणि मार्चमध्ये त्यांना कानाचे यंत्र मिळाले. पहिल्याच दिवशी संध्याकाळी ते आमच्या दारात येऊन तक्रार करू लागले की यंत्रातून शिट्टी वाजायली आहे. ती शिट्टी त्यांना ऐकू येत नव्हती. नातवंडांनी सांगितले होते. भाच्याने यंत्राभोवती कान फिरवला, कानात बसवलेला प्लॅस्टिकचा तुकडा बोटाने दाबून पाहिला. शिट्टी थांबली. सोडला, परत आली. तुकडा कानात सैल बसत होता. आतला आवाज फटीतून बाहेर निसटून पुन्हा यंत्रात शिरत होता.

"गळती हाय," भाचा मोठ्याने ओरडला.

तात्यांनी खिशातून छोटी वही काढून आमच्यापुढे धरली. त्यांनी आधीच लिहून ठेवले होते: जेवताना वाजते, निजताना वाजते, गप्प बसल्यावर वाजत नाही.